पंचनाम्यात न लिहिलेला वास

"ती घटना आजही आठवते" अशी सुरुवात करायची आम्हा निवृत्त पोलिसांची रीत आहे. लिहायला बसलो तेव्हा माझ्याही हातून तेच वाक्य उतरलं आणि मी ते खोडलं. कारण खरं सांगायचं तर ही घटना विसरायचा मी पुष्कळ प्रयत्न केला. माझ्या निरोप समारंभात कोणीतरी माझ्या कामगिरीची यादी वाचून दाखवली. त्यात 'बनावट विदेशी मद्याचा कारखाना उघडकीस आणला' अशी एक ओळ होती. टाळ्या पडल्या. मी खाली मान घालून बसलो. लोकांना वाटलं, साहेब विनयशील आहेत.

विनय कसला डोंबलाचा! लाज वाटत होती.

तेव्हा मी पुण्यात कात्रजच्या अलीकडच्या एका पोलीस ठाण्याचा वरिष्ठ निरीक्षक होतो. त्या वर्षी शहरात बनावट विदेशी दारूचा सुळसुळाट झाला होता. उंची विदेशी दारूच्या रिकाम्या बाटल्या मिळवायच्या, त्यात हलका माल, रंग आणि एसेन्स भरायचा, नवं बूच बसवायचं आणि विकायचं. वरिष्ठांच्या दर आढावा बैठकीत एकच प्रश्न, "तुमच्या हद्दीत काय केलंत?" सगळ्यांसमोर उभं राहून "तपास चालू आहे, सर" म्हणायचं. तीन बैठका मी तसा उभा राहिलो. चौथ्या बैठकीला तसं उभं राहायचं नाही, एवढं मनाशी ठरवलं होतं. सगळ्या गोष्टीचं मूळ तिथे आहे.

अशात माझा एक खबऱ्या ठाण्यावर आला. धंदा भंगाराचा, हडपसरच्या बाजूला गोदाम. पूर्वी त्यानं दोन-तीन चोऱ्यांचा माल पकडून दिला होता, म्हणून माझा त्याच्यावर विश्वास. चहाचा कप हातात आल्यावर तो हळूच म्हणाला, "साहेब, सातारा रोडच्या आत एक सोसायटी हाय. तिथं एक म्हातारा मास्तर राहतो. फॉरेनच्या बाटल्या येत्यात त्याच्याकडं. पन रिकामी एक बी भायेर पडत न्हाई."

"मग?"

"मग काय साहेब? आख्खं पुणं रिकाम्या बाटल्या भंगारात देतं. डॉक्टर देत्यात, वकील देत्यात. ह्यो का देत न्हाई? मी सोता मागायला गेलो, तर तोंडावर दार लावलं. घरात काचेच्या नळ्या, नरसाळी, समदं हाय. शनवारी सकाळी अकराला मंडळी जमत्यात."

"सकाळी अकराला? दारू?"

"तेच तर म्हनतोय!"

मला ते फार पटलं. रिकाम्या बाटल्या घराबाहेर जात नाहीत म्हणजे घरातच भरल्या जातात. प्रशिक्षणात आम्हाला शिकवलेलं असतं, की खबर घेतली की आधी विचारायचं, ही खबर देऊन याचा काय फायदा? नव्या पोरांना मी स्वतः हे शिकवायचो. त्या दिवशी मात्र तो प्रश्न माझ्या डोक्यात आला नाही, कारण बैठक सोमवारी होती.

शनिवारी स्टेशन डायरीला नोंद करून निघालो. सोबत दोन शिपाई आणि एक महिला हवालदार. या हवालदार बाई हडपसरकडच्या, पालिकेच्या हद्दीत आलेल्या एका गावच्या शेतकरी घरातल्या. अक्षर मोत्यासारखं, म्हणून पंचनामा लिहायला मी त्यांनाच घ्यायचो. पंच म्हणजे ठाण्यासमोरचा झेरॉक्सवाला आणि चहावाला, आमचे नेहमीचे. हे दोघं इतक्या पंचनाम्यांवर सह्या करून चुकले होते, की कागद न वाचता सहीची जागा बरोबर सापडायची.

दार एका उंच, किडकिडीत गृहस्थांनी उघडलं. सुती सदरा, लेंगा, नाकाच्या शेंड्यावर चष्मा.

"कोण आपण?"

"पोलीस."

"ते कपड्यांवरून कळलं. काम काय?"

कॉलेजात रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेले हे गृहस्थ. सगळे त्यांना सर म्हणत, मीही इथे सरच म्हणतो. आत टेबलाभोवती त्यांच्याच वयाचे पाच जण बसले होते. प्रत्येकापुढे पोटाला गोल आणि तोंडाला निमुळता असा लहान ग्लास, त्यात तळाला बोटभरसुद्धा नाही इतका पिवळसर द्रव, शेजारी साधं पाणी आणि डोळ्यांत औषध घालायचा असतो तसला ड्रॉपर. मधोमध एक बाटली. भिंतीवर फळा, त्यावर सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, 'उद्या : बटाटा आणि आयोडीन'. कपाटात मोजपात्रं, नरसाळी आणि तपकिरी रंगाच्या लहान लहान बाटल्यांची रांग, प्रत्येकीवर तारखेची चिठ्ठी. माळ्यावर विदेशी दारूच्या रिकाम्या बाटल्या, एकेका लेबलावर चाकूनं आडवा-उभा काट मारलेला. आणि खालच्या फडताळात टिंक्चर आयोडीनची मोठी बाटली.

मला तर लॉटरी लागल्यासारखं झालं.

सरांनी परवाना दाखवला, बाटल्यांच्या पावत्या दाखवल्या. "कागद सगळ्यांकडेच असतात," मी म्हणालो. लहान बाटल्या कशाला, तर म्हणाले, "मोठी बाटली अर्धी झाली की आतल्या हवेनं वास उडतो. म्हणून उरलेली लहान बाटलीत काठोकाठ भरून ठेवतो." टिंक्चर कशाला? "रविवारी मुलं येतात. बटाट्यावर थेंब टाकला की निळा-काळा होतो. तुम्हीही शाळेत केलं असेल." आणि रिकाम्या बाटल्या?

"बाहेर गेल्या तर कोणीतरी त्या भरेल. म्हणून ठेवतो. लेबलंही खराब करतो."

"म्हणजे कोणी भरू नये म्हणून तुम्हीच भरता," मी म्हणालो. पंच हसले. पंच माझ्या प्रत्येक विनोदाला हसत.

मग मी टेबलावरची उघडी बाटली नाकाशी नेली.

इथे मला सावकाश लिहायला हवं. पहिल्या श्वासाला धूर आला. सिगारेटचा नव्हे, लाकडाचाही नव्हे. आमचं गाव सोलापूरकडचं, ज्वारीच्या पट्ट्यातलं. थंडीत शेतात खड्डा करून गोवऱ्यांची आगटी पेटवायची, तिच्यात ज्वारीची कोवळी कणसं खुपसायची आणि हातावर चोळून गरम हुरडा खायचा. माझे वडील आगटीशी बसायचे, त्यांच्या घोंगडीला फाल्गुनापर्यंत तो वास असायचा. तोच वास त्या बाटलीतून आला. अगदी तोच. त्याच्या मागून दवाखान्यात फरशी पुसतात तसला वास आला, तोही खरा. पण आधी आला तो आगटीचा.

बाटली पंचांच्या नाकाशी नेली. झेरॉक्सवाला म्हणाला, "अरे बापरे, साहेब, हा तर दवाखाना!" चहावाल्यानं मान डोलावली.

हवालदार बाई पंचनामा लिहायला बसल्या होत्या, त्यांच्यापर्यंतही वास गेला. त्या चटकन म्हणाल्या, "साहेब, ह्यो तर आगटीचा वास हाय. हुरडा भाजत्यात तसा."

सर त्यांच्याकडे वळून पाहायला लागले. चेहरा उजळला होता त्यांचा, वर्गात कोणी बरोबर उत्तर दिल्यावर शिक्षकाचा उजळतो तसा. "अगदी बरोबर! बाई, तुम्ही पहिल्या झटक्यात ओळखलंत. आमच्या या मित्रांना दोन वर्षं लागली." मग माझ्याकडे वळून त्यांनी साधं विचारलं, "तुम्हालाही आला का तो?"

"मला औषधाचा वास आला," मी म्हणालो.

बाईंना सुनावलं, "तुम्हाला वास विचारलेला नाही. मी सांगतो ते लिहा." आणि सांगितलं, 'सदर द्रवास टिंक्चर आयोडीनसारख्या विषारी रसायनाचा उग्र वास येत असून, सदरचे मद्य मानवी जिवास अपायकारक असल्याची पंचांची व आमची खात्री झाली.' बाईंचं पेन क्षणभर थांबलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मग लिहिलं. पुढे सांगितलं, 'फळ्यावर रसायनांची नावे लिहिलेली दिसून आली.' तेही लिहिलं. बाटलीला सुतळी बांधून लाख लावली, चिठ्ठीवर पंचांच्या सह्या आणि माझी सही. सरांना अटक केली, त्यांच्या मित्रांचे जबाब घेऊन त्यांना सोडलं.

ठाण्यावर आल्यावर वार्ताहरांना फोन केला. मुद्देमाल टेबलावर मांडून त्यामागे आरोपीला उभं करायची पद्धत असते, आणि आरोपीच्या तोंडावर काळं फडकं टाकायची. शिपाई फडकं घेऊन गेला तर सर म्हणाले, "चेहरा झाकण्यासारखं मी काय केलंय? राहू द्या." सराईत आरोपी फडक्यासाठी गयावया करतात, हे मी आयुष्यभर पाहत आलो होतो. हा माणूस नको म्हणतोय, यावरून तरी मला कळायला हवं होतं. मी फोटोग्राफरला म्हणालो, "घ्या, तसाच घ्या."

दुपारी कोर्टात हजर केलं, सोमवारपर्यंत कोठडी मिळाली. रविवारच्या पेपरात फोटो आला. टेबलावर बाटल्या, मागे मी छाती काढून, आणि शेजारी उघड्या चेहऱ्याचे सर. मथळा होता 'केमिस्ट्रीच्या मास्तराचा विषारी दारूचा कारखाना'.

त्या सकाळी कोठडीच्या गजातून सरांनी मला हाक मारली. "अहो साहेब, एक काम होतं. आज रविवार. दहा वाजता मुलं येतील. सोसायटीतली आहेत, मागच्या वस्तीतली आहेत, वीसेक तरी असतात. दाराला कुलूप बघून जिन्यात ताटकळत बसतील. 'आज वर्ग नाही, पुढच्या रविवारी' एवढी चिठ्ठी कोणी लावेल का दारावर?"

स्वतःच्या वकिलाबद्दल अक्षर विचारलं नाही. काळजी कसली, तर मुलं ताटकळतील याची. मी म्हणालो, "ठाण्याला दुसरे उद्योग आहेत."

बाई ऐकत होत्या. त्या न विचारता गेल्या, चिठ्ठी लावून तासाभरानं परत आल्या आणि माझ्या टेबलापाशी येऊन हळू आवाजात म्हणाल्या, "साहेब, मी साडेधापर्यंत थांबले. एक बी पोरगं आलं न्हाई." सकाळी पेपर सगळ्यांच्या घरी गेला होता.

"सरांना सांगितलंत?"

"न्हाई. तुम्ही सांगा."

मी सांगितलं नाही. त्याऐवजी चौकशीला बसलो. समोर सर, कोपऱ्यात जबाब लिहायला बाई. मी सुरुवातच दरडावून केली, "बाटलीमागे टिंक्चर किती घालायचात?"

"थेंबही नाही. ते बटाट्याला."

"मग हा वास येतो कुठून?"

"सांगतो. तुम्हाला वेळ आहे ना? मला तर तुम्हीच भरपूर दिलाय." असं म्हणून त्यांनी चष्मा पुसला आणि वर्गात शिकवावं तसे बोलायला लागले.

"स्कॉटलंडच्या पश्चिमेला एक बेट आहे. वारा एवढा की झाड तग धरत नाही. लाकूड नाही, मग जाळायचं काय? तिथल्या दलदलीत हजारो वर्षांचं गवत आणि शेवाळ कुजून, दबून बसलंय. ते फावड्यानं विटांसारखं कापतात, वाळवतात आणि जाळतात. त्याला पीट म्हणतात. आपल्या गोवरीच्या कामाचं. बार्ली भिजवून मोड आणायचे आणि ते दाणे या धुरावर वाळवायचे. एकदा दाण्यात बसलेला धूर मग निघत नाही. दळा, आंबवा, ऊर्ध्वपातन करा, दहा-दहा वर्षं लाकडी पिंपात ठेवा, तो राहतोच. त्या धुरात फिनॉलच्या, म्हणजे फरशी पुसायच्या फिनेलच्या जातीची द्रव्यं असतात, म्हणून मागून दवाखान्याचा वास येतो. पिणाऱ्याला प्रथम धूर लागतो, मग खारट, आणि दोन थेंब पाणी घातलं की खाली दडलेला गोडवा वर येतो. घाईनं प्याल तर नुसतं औषध लागेल."

"मला दारू प्यायला शिकवू नका."

"बरं. मग त्या भट्टीची गोष्ट सांगतो, ती तुमच्या खात्याची आहे." ते थांबायला तयार नव्हते. "दोन शेतकरी भावांनी ती चोरून सुरू केली, समुद्रकाठच्या गुहेत. अबकारी अधिकारी घोड्यावरून येताना दिसला की गावातल्या बायका दोरीवर लाल चादर वाळत घालायच्या. पुढे परवान्याचा कायदा आला. भावांनी परवाना घेतला, आणि सरकारनं त्याच अधिकाऱ्याला भट्टीच्या आवारात राहायला घर दिलं. गोदामाला दोन कुलपं, एक किल्ली मालकाकडे, एक सरकारकडे. त्या अधिकाऱ्याचं आणि भावांचं उभ्या जन्मात पटलं नाही. पण तो रोज सकाळी पिंपांचा वास घ्यायचा आणि वहीत लिहायचा. आज धूर कमी. आज धूर बरोबर, जिभेला गोड. आवडतं-नावडतं काही नाही, जे नाकाला आलं ते लिहायचा. पुढे कित्येक वर्षांनी मंदीत भट्टी बंद पडली. जाणती माणसं मेली. नव्या लोकांनी ती परत सुरू केली तेव्हा धूर किती द्यायचा हे सांगणारं कोणी नव्हतं. त्यांनी ते त्या सरकारी माणसाच्या वहीवरून काढलं. मी पाहिलीय ती वही, काचेत ठेवलीय. ती वही होती म्हणून ही बाटली आहे."

बाईंचं लिहिणं केव्हाच थांबलं होतं. मी टेबलावर हात आपटला. "गोष्टी पुरे! रिकाम्या बाटल्यांचं बोला. त्या भंगारवाल्याला का नाही दिल्या?"

माझ्या तोंडून खबऱ्याचा धंदा निसटला. सरांच्या ते लक्षात आलं, पण त्यांनी तसं दाखवलं नाही.

"आला होता एक. मी म्हटलं, लेबलं काढून देतो, घेऊन जा. तर म्हणाला, लेबल असेल तरच घेतो. तेव्हा मी दार लावलं. मला सांगा साहेब, काच वितळवायला द्यायची तर लेबल कशाला लागतं?"

मी बाईंकडे बघितलं, बाई माझ्याकडे बघत होत्या. भंगारवाला काच घेतो ती फोडून पोत्यात भरायला. लेबल जपून हवं असेल तर बाटली भंगारात जात नाही, भरायला जाते. एवढं साधं गणित, आणि ते मला कोठडीतल्या माणसानं सोडवून दाखवलं.

"साहेब, गोदाम माझ्या माहेरच्या वाटेवरच हाय," बाई म्हणाल्या. "बघून येऊ का?"

साध्या साडीत जाऊन त्या दुपारपर्यंत बघून आल्या. मागच्या पत्र्याच्या खोलीत बायका बाटल्या धूत होत्या, लेबलाला पाणी लागू नये म्हणून वरून प्लास्टिक गुंडाळून. सोमवारी सकाळी तिथल्या ठाण्याला कळवून छापा घातला. रंगाचे डबे, एसेन्स, नव्या बुचांची पोती, सगळं सापडलं. माझ्या खबऱ्याला मीच बेड्या घातल्या. एका म्हाताऱ्यानं लेबलासकट बाटल्या द्यायला नकार दिला, तो पुढेमागे आपल्याला महागात पडेल म्हणून यानं त्याचंच नाव पोलिसांना दिलं होतं. आणि पोलीस म्हणजे मी.

बैठकीत माझी पाठ थोपटली गेली. सरांना त्याच दिवशी कोर्टानं सोडलं, पुढे प्रयोगशाळेचा अहवाल आला की नमुन्यात अपायकारक काही नाही, आणि गुन्ह्यातून त्यांचं नाव वगळलं. कागदोपत्री सगळं सुरळीत झालं.

पण वर्तमानपत्रांना द्यायचं पत्रक मी लिहिलं होतं. त्यात 'गोपनीय माहितीच्या आधारे' असं लिहिलं. धागा कोणी दिला ते लिहिलं नाही. 'संशयावरून ताब्यात घेतलेले गृहस्थ निर्दोष आहेत, आमची चूक झाली,' हे एक वाक्य लिहायला मला अर्धं मिनिट लागलं असतं. पेन हातात होतं. पण ते लिहिलं असतं तर बैठकीत त्याच्यावरच प्रश्न आले असते. पेपरात माझा फोटो पुन्हा आला, या वेळी एकट्याचा.

काही महिन्यांनी कोर्टाच्या हुकमानं सर बाटली परत न्यायला आले. पावतीवर सही केली. "पंचनाम्याची प्रत मिळाली तर बरं," एवढंच बोलले. दिली. मला अपेक्षा होती की ते चार शब्द सुनावतील, म्हणजे मीही चार सुनावून मोकळा होईन. तेही त्यांनी मला मिळू दिलं नाही.

मग बदली, बढती, निवृत्ती. गेल्या वर्षी मंडईत भाजी घेताना हवालदार बाई भेटल्या. त्याही आता निवृत्त. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर त्यांनी थेट विचारलं, "साहेब, सरांकडं गेला व्हता का कधी?"

"नाही."

"मी जाते अधनंमधनं. थकल्यात आता. जावा की! खात्यात का काय तुमाला?"

घरी आलो. बायकोला सगळं सांगितलं. इतक्या वर्षांत तिलाही सांगितलं नव्हतं. ती म्हणाली, "शनिवारी अकराला जमतात म्हणालात ना? मग शनिवार परवा आहे."

गेलो. दार सरांनीच उघडलं, काठी घेऊन. मला ओळखलं. "या. या वेळी पंच नाही आणले?"

टेबल तेच होतं. मित्रांपैकी दोघं राहिले होते, त्या दिवशी तेही आले नव्हते. फळा भिंतीवर होता, कोरा. कपाटावर बस्करांची चळत होती, वीसेक असतील, त्यांना सुतळी बांधून ठेवली होती. माझी नजर तिथे गेलेली सरांनी पाहिली.

"एक-दोन रविवार वाट पाहिली," ते म्हणाले. "मग एक आई आली, भली बाई. म्हणाली, सर, आमचा विश्वास आहे हो तुमच्यावर, पण लोक बोलतात. मी म्हटलं, बरोबर आहे. फोटोत चेहरा माझाच होता."

"मी सोसायटीत येऊन सांगतो. सगळ्यांना बोलवा. चूक माझी होती म्हणून सांगतो."

"कोणाला सांगणार? ती पोरं आता नोकरीला लागली. त्यातल्या कोणी बटाट्यावर आयोडीन टाकलं की नाही, देव जाणे."

ते उठले आणि कपाटातून एक लहान तपकिरी बाटली घेऊन आले. तिच्या गळ्यात सुतळी होती, आणि सुतळीला लाखेचा तुकडा आणि मळकी चिठ्ठी. चिठ्ठीवर माझी सही. त्या शनिवारच्या बाटलीत उरलेली त्यांनी लहान बाटलीत काठोकाठ भरून ठेवली होती, माझ्या मुद्देमालाच्या चिठ्ठीसकट. गोल पोटाच्या ग्लासात थोडी ओतली, ड्रॉपरनं पाण्याचे दोन थेंब टाकले आणि ग्लास माझ्यापुढे सरकवला.

"पिऊ नका लगेच. वास घ्या. आणि सांगा."

मी वास घेतला. वडील, घोंगडी, आमचं रान, सगळं त्या ग्लासात होतं. डोळ्यांत पाणी आलं, ते लपवायची ताकद राहिली नव्हती.

"आगटी," मी म्हणालो. "हुरड्याची."

"हं. आता कळलं?"

इथे खोटं बोलायला जागा होती. हो म्हटलं असतं तर अडाणीपणावर निभावलं असतं. "नाही सर. त्याच दिवशी कळलं होतं. बाई बोलायच्या आधी. तुम्ही विचारलंत तेव्हा मी खोटं बोललो."

सरांनी बाटलीवरची चिठ्ठी उलटी केली, पुन्हा सरळ केली. "चला," ते म्हणाले, "म्हणजे नाक तरी शाबूत होतं."

मी मान वर केली नाही.

"मी मुलांना एवढंच शिकवायचो हो," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, त्यानं जास्त लागलं. "प्रयोगवहीत निरीक्षण आधी, अनुमान नंतर. जे दिसलं, जो वास आला, तो आधी लिहायचा. पटो न पटो. तुमच्या बाईंना ते न शिकवता येत होतं. तुम्ही त्यांना ते लिहू दिलं नाहीत."

निघताना मी त्यांच्या पाया पडायला वाकलो तर ते मागे सरकले. "पाया नको. तुम्ही लिहिणारे लोक. जमलं तर लिहा."

म्हणून हे लिहिलं. या प्रकरणानं मला काय शिकवलं असं कोणी विचारलं, तर मी एवढंच सांगेन, की माझी चूक अज्ञानाची नव्हती. अज्ञान लोक माफ करतात. मला ठाऊक होतं आणि मी ते कागदावर येऊ दिलं नाही. नोकरीत माणसं खोटी बोलताना हजारदा पकडली, आणि त्या टेबलापाशी खोटं बोललेला माणूस एकच होता, त्याच्या खांद्यावर सरकारचे तारे होते.

पंचनाम्याची प्रत मी सरांकडून मागून घेतली आहे. त्यात दुरुस्ती करायचा अधिकार आता मला नाही. तरी जी ओळ त्या शनिवारी लिहायला हवी होती, ती इथे लिहितो. हवालदार बाईंना फोनवर वाचून दाखवली, त्यांनी "आता बरुबर" म्हणून सांगितलं. पुढच्या शनिवारी अकराला ती सरांच्या हातात देणार आहे.

'सदर द्रवास हुरड्याच्या आगटीचा वास येत होता. महिला हवालदार यांनी तसे समक्ष सांगितले. आम्हालाही तोच वास आला.'